कासाराचं घर

मी मारेगावहून लग्न होऊन यवतमाळच्या जुन्या वस्तीत आले, त्याच वर्षी आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. माणसं राज्याच्या गप्पा करायची. मला मात्र गल्लीच समजेना. आमच्या घराला सगळे ‘सुताराचं घर’ म्हणत. सासऱ्यांचं दुकान कापडाचं, त्यांनी जन्मात कधी रंधा हातात धरला नव्हता. पण जो पहिला राहिला त्याचंच घर, मागून तिथे कोणी का येईना, अशी तिथली रीत. समोरचं ‘कासाराचं घर’. कासार केव्हाच वणीला गेला होता. पंधरा वर्षांपासून तिथे पिंजारी राहत होता. घर त्याने विकत घेतलेलं, पण बोलीवर. चार माणसांदेखत, कागद न करता.

पिंजाऱ्याच्या बायकोला मी चाची म्हणे. माहेरची आठवण आली की तिच्याच ओसरीवर जाऊन बसे. पिंजताना उडालेला कापूस तिच्या भुवयांवर बसलेला असायचा. मी हसले की म्हणे, "हास, हास. तूही म्हातारी होशीन." तिनेच मला घराघरांची नावं शिकवली. ती पाठ झाली तेव्हा मला केवढी ऐट आली होती.

दोन-तीन वर्षांनी रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीचा कारकून आला. सासरे त्याला आमचा कागद दाखवून दुकानात निघून गेले. पिंजारी आणि चाची गाद्या भरायला राळेगावला गेलेले, दाराला कुलूप. मी दारात ज्वारी पाखडत होते.

"बाई, हे समोरचं घर कोणाचं?"

"कासाराचं," मी म्हणाले.

त्याने लिहून घेतलं आणि तो पुढे गेला. माझ्या मनात काहीच आलं नाही, हे आज कोणाला खरं वाटणार नाही.

घर रस्त्यात गेलं. कासार तोवर वारला होता, म्हणून बदल्यात गावाबाहेर मिळणारी जागा त्याच्या पोराच्या नावावर झाली. बापाने घर विकलं होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं म्हणे. ठाऊक नसायला काय झालं होतं त्याला? पिंजारी कचेरीत हेलपाटे घालून थकला. चार साक्षीदारांपैकी तिघं मेले होते, चौथ्याला काही आठवेना. "तुमच्या मोहल्ल्यानंच सांगतलं," एवढंच उत्तर त्याला मिळे.

मी सासूबाईंना खरं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "चूप राह्य. बोलशीन तं सारं तुह्यावर येईन." कचेरीत जाऊन ‘चूक माझी’ एवढं म्हटलं असतं, तर ते घर वाचलं नसतं, पण बदल्यातली जागा कदाचित त्यांना मिळाली असती. मी भित्री होते. चूप राहिले.

ते निघाले त्या दिवशी बैलांची बंडी दारात उभी होती. गाद्या, भांडी, शेवटी कापूस पिंजायची धुनकी चढवली. चाचीने मला जवळ घेतलं.

"कोण्या मेल्यानं सांगतलं असंन, अल्ला जाणे," ती म्हणाली. "घराचं जाऊ दे. तुले सोडून जायचं जिवावर येऊन राह्यलं."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती आपल्या पदराने माझेच डोळे पुसत होती, आणि मी पुसू दिले.