गणपतीखालच्या फळ्या

दौंडच्या घाटाजवळ पूरभिंतीत एक फट आहे. फट म्हणजे चांगली बैलगाडी जाईल एवढी, लोकांना नदीवर उतरता यावं म्हणून मुद्दाम ठेवलेली. भीमा चढायला लागली की भिंतीच्या खाचांत एकावर एक जाड फळ्या सारायच्या आणि फट बंद करायची, म्हणजे खालच्या आळीत पाणी शिरत नाही. हे काम नगरपालिकेनं बिरदेवकडं दिलेलं. माणूस कामाला वाघ. खोट एकच, कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नाही.

आता असल्या दणकट फळ्या वर्षभर शेडमध्ये नुसत्या पडून राहणार, हे गावाला कसं बघवणार? कुणाला हळदीसाठी स्टेज लागायचं, कुणाला बारशासाठी. लोक यायचे, मामा मामा करायचे, की मामांनी शेड उघडलंच. फळ्या परत आल्या की हा बाबा स्वतः धुऊन पुसून ठेवायचा, वर जेवायचं आमंत्रण मिळालं म्हणून खूश.

तसाच त्या वर्षी वरच्या आळीच्या मंडळाचा अध्यक्ष शंभू आला. गणपती मोठा आणलाय, स्टेज मजबूत पाहिजे, म्हणाला. पावसानं उघडीप दिली होती. बिरदेवनं फळ्या देऊन टाकल्या. गणपती त्यांच्यावर बसला, आरास झाली, बिरदेव आरतीला जाऊन दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून आला. भला माणूस, पण अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय म्हणायचं?

आणि मग वरच्या अंगाला पाऊस कोसळला. शिरूरहून त्याच्या बहिणीचा फोन आला की भीमेला मिळणारी घोडनदी दुथडी भरून चाललीय. पाठोपाठ पालिकेच्या इंजिनिअर वैष्णवी मॅडमचा. त्यांनी पुलाला नवं यंत्र बसवलं होतं, पाणी वाढलं की त्यांच्या मोबाइलवर कळायचं.

"मामा, धरणातनं पाणी सोडलंय. दिवस मावळायच्या आत फट बंद झाली पाहिजे. मी आळीतलं पाणी उपसायच्या पंपावर थांबते."

बिरदेव हो म्हणाला. फोन ठेवला आणि मग त्याला आठवलं, फळ्या तर गणपतीखाली. खालच्या आळीत त्याचं घर होतं, पोरगी धनश्री तिथंच होती, आणि शेजारी अख्खी आळी.

तसाच पळत मंडपात गेला. सगळं ऐकून शंभूचा चेहरा उतरला. पोरगं वाईट नव्हतं, पण बसलेला गणपती विसर्जनाआधी हलवायचा कसा? कार्यकर्त्यांत चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे गुरुजींना विचारू, कुणी म्हणे बाजारातनं दुसऱ्या फळ्या आणू. तिकडं पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत होतं. बिरदेवच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात खालच्या आळीतली सखूबाई धापा टाकत वर आली. वय झालेलं, पण जीभ अजून विळ्यासारखी. तिनं आधी बिरदेवला शिव्या घातल्या, मग शंभूला, आणि मग देवाला हात जोडले.

"हलवू नगा रं," ती म्हणाली. "जाग्यावरच उचलून धरा. खालनं फळ्या काढू आन् दुसरं कायतरी सारू. देव हाय त्यो, त्याला कळतंय."

पोरं लगेच कामाला लागली. समोरच्या डेअरीतून दुधाचे क्रेट आले. मंडळाच्या पोरांनी गणपतीला चहूबाजूंनी खांदा दिला आणि देव अधांतरी असताना गप्प कसं राहायचं म्हणून आरती धरली. बिरदेव खाली घुसून फळ्या ओढायला लागला. आरती संपली, फळ्या संपेनात. पोरांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. घामानं निथळत होती बिचारी, पण सूर सोडला नाही. शेवटी देव क्रेटवर टेकला आणि अख्खी वरची आळी फळ्या खांद्यावर घेऊन घाटाकडं पळत सुटली.

वरची फळी खाचेत बसली तेव्हा पाणी खालच्या फळीला लागलं होतं. रात्रभर भीमा भिंतीला धडका देत राहिली. खालची आळी कोरडी राहिली.

सकाळी वैष्णवी मॅडम आल्या. फळ्यांच्या आळीकडच्या कोरड्या बाजूला कुंकू, चमकी, एकीला तर झेंडूची माळ तशीच. त्यांनी बिरदेवकडं पाहिलं. त्यानं काहीही न लपवता सांगून टाकलं, आणि मॅडमनी त्याला असा झापला की घाटावरची कुत्रीसुद्धा लांब जाऊन बसली. चूक होतीच, ऐकून घेतलं त्यानं.

पुढं वर्षभरानं नव्या ॲल्युमिनियमच्या फळ्या आल्या. हलक्या, कडेला रबर, दोन माणसांनी चुटकीसरशी बसवाव्यात अशा. शेडला भक्कम कुलूप आलं. मॅडमनी चावी पुढं केली तेव्हा बिरदेवनं हात मागं घेतला.

"मॅडम, ही सखूमावशीकडं द्या. मला लोकांचं मन मोडवत न्हाई."

चावी सखूबाईच्या कमरेला गेली, आणि काम बिरदेवकडंच राहिलं.

दिवाळीनंतर धनश्रीचा साखरपुडा ठरला. पाहुणे मोठे, अंगण उंचसखल. बिरदेव दोन दिवस घुटमळला, मग सखूबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. फक्त एका दिवसापुरत्या, मावशी, घरचंच कार्य हाय.

सखूबाईनं त्याला चहा दिला, पोरीसाठी साडीचोळी दिली, आणि फळ्या दिल्या नाहीत. साखरपुडा अंगणात सतरंजीवर झाला. पाहुणे जरा कलून बसले होते. बिरदेव मात्र ज्याला त्याला कौतुकानं सांगत होता की म्हातारीनं मलासुद्धा दिल्या न्हाईत.