पंचाची सायकल

पंचाच्या खिशात शिट्टी एकच असते, किस्से मात्र मावत नाहीत. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात शाळामास्तर होतो आणि रविवारी कबड्डीचा पंच. म्हणजे सहा दिवस पोरांना ओरडायचो आणि सातव्या दिवशी शिव्या खायचो!

*

गिरणी कामगारांची मॅच. चढाई करणारा परतला तो समोरच्या गड्याच्या बनियनचा तुकडा मुठीत घेऊन. मी त्या गड्याला बाद दिलं. तर म्हणतो कसा, "हात लागलाच न्हाय. बनियन आदीपास्नं फाटकं हाय की!"

सगळी टीम शपथेला तयार.

*

आमच्यातले जुने पंच बिराजदार. मोठ्यांची मॅच असली की सायकलला कुलूप लावायचे नाहीत, हँडल रस्त्याकडं करून ठेवायचे. म्हणायचे, "आदी पायडल बघायचं, मग निकाल द्यायचा."

मीही तीच सवय लावून घेतली. तरी एका फायनलला हरलेली टीम अंगावर आली आणि मी चपला मैदानातच टाकून पळालो. बायको म्हणाली, "पुढच्या वेळी अनवाणीच जा."

मी पंचगिरी सोडायची ठरवली. बिराजदार म्हणाले, "सोड की. पण आदी एकदा शाळेतल्या मुलींचा खो-खो बघ."

*

तिथं उंचीवर गट ठरायचे. एक मुलगी गुडघे वाकवून पट्टीखाली उभी राहिली. मी म्हटलं, "सरळ उभी राहा."

मागची मैत्रीण कळवळून म्हणाली, "सर, सकाळपास्नं वाकूनच चालतीया ती, घ्या की!"

*

मॅचमध्ये एकीचं ढोपर फुटलं. दोन्ही टीम खेळ सोडून ढोपर बघायला. मग प्रत्येकीनं आपापली जुनी खूण दाखवली. मी शिट्टी वाजवत बसलो. किती वर्षांनी मैदानावर हसलो असेन!

*

फायनलला मात्र घात झाला. शेवटच्या मिनिटाला मी महादेवी नावाच्या कॅप्टनला बाद दिलं आणि तिची टीम एका गुणानं हरली. शिट्टी वाजता वाजताच कळलं, हात लागलाच नव्हता.

बक्षिसं वाटून होताच मी निघालो, तर मागून अख्खी टीम पळत आली. सवयीनं सायकलवर टांग मारली. शुक्रवार पेठेच्या गल्लीत चेन पडली आणि खो-खोच्या पोरींनी मला गाठलं.

मी हात जोडले. "बाई गं, तू बाद नव्हतीस. चुकलं माझं."

धापा टाकत महादेवीनं दुसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट पुढं केलं.

"ठावं हाय की सर. सही तेवढी राहिलीया, हितं करा."