उदगिरातलं जपानी हॉटेल

तमाम खवय्यांनो, हातातला घास खाली ठेवा आणि उभे राहा. उदगीर शहरातल्या उत्तम जपानी हॉटेलांची शिफारस मी आज अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो आहे. पहिला क्रमांक माझ्या मेहुण्याच्या हॉटेलाला. दुसरा कुणालाच नाही, कारण दुसरं हॉटेल नव्हतं. आता पहिलंही नाही.

मेहुणा पुण्यात एका जपानी हॉटेलात भात करायला शिकला आणि परत आला, तेव्हा उदगीर नवा जिल्हा होणार अशी गावात हवा होती. "दाजी, जिल्हा व्हायलाय," तो म्हणाला. "कलेक्टर येतील, साहेब लोक येतील. ते काय रोज पिठलं खातील?"

सासऱ्यांचं किराण्याचं दुकान. कपाळावर विभूती, घरात अंडंसुद्धा वर्ज्य. त्यांनी एकच अट घातली. "मासा न्हाई शिजवायचा. आन् हाटेल बुडालं तर गुमान दुकानात येऊन बसायचं."

दुकानात बसणं टाळण्यासाठी तर तो पुण्याला पळाला होता.

मासा वगळून जे जपान उरलं ते त्यानं मांडलं. आंबूस भाताची वळी, आत काकडी, वर समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा. मी गावभर जाहिरात केली. नांदेडच्या साडूला बसमध्ये घालून आणलं. त्यानं एक वळी तोंडात टाकली, शांतपणे चावली आणि म्हणाला, "चांगलं हाय. जरा गरम करून आणता का?"

तरीही माणसं यायला लागली होती. बँकेतले, कॉलेजातले, नवी नवरा-बायको. सासरे एकदा बाहेरूनच डोकावून गेले. आमच्यात याला कौतुक म्हणतात.

मग पाऊस गेला. जिल्हा आला नाही, टँकर आले.

गल्लीत घागरींची रांग हॉटेलाच्या पायरीपर्यंत यायची आणि आत मेहुणा तांदूळ धूत बसायचा. एकदा, दोनदा नव्हे. पाणी नितळ होईस्तोवर. ते दुधासारखं पाणी नळीतून बाहेर पडायचं आणि रांगेतल्या बायकांच्या समोरून गटाराला जायचं. पाणी त्यानं स्वतः विकत आणलेलं. पण तहानलेल्या गल्लीला पावती कोण दाखवणार?

"अरे, एका पाण्यात धू की!" मी म्हणालो.

"दाजी, मग वळी होत न्हाई, लगदा होतो. लगदाच विकायचा तर दुकानात बसलेलं काय वाईट?"

समोरच्या म्हातारीनं तेवढा शहाणपणा केला. नळीखाली बादली लावली आणि ते पाणी रोज म्हशीला नेऊ लागली. बाकीच्या बायका मात्र नुसत्या बघायच्या. पुढे हॉटेलात शिरणारी गिऱ्हाइकंही त्यांच्या नजरेसमोरून आत जाईनाशी झाली. बँकेतल्या साहेबाला एकीनं ऐकवलंच, "या साहेब, या. आमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी कसं लागतंय, सांगा!" साहेब चप्पल न काढताच वळला.

एका दुपारी मेहुण्याचा टँकर आला आणि बायकांनी तो अडवला. मेहुणा बाहेर आला. मला वाटलं, भांडेल. त्यानं रांगेकडे पाहिलं, टँकरचा पाइप उचलला आणि पहिल्या घागरीत धरला. टँकर रिकामा होईपर्यंत धरून उभा राहिला. 'पोरा' म्हणून कुणी हाक मारली नाही. बायकांनी पाणी नेलं, दारं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पाटी उतरवली. सासरे आले होते. दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी मेहुण्याच्या हातात दिला. त्यानं तो खिशातही घातला नाही, तसाच धरून उभा राहिला. गल्लीतला एखादा तरी हळहळेल म्हणून मी वाट पाहत होतो.

तेवढ्यात समोरची म्हातारी रिकामी बादली घेऊन आली. तिनं कोरड्या नळीत वाकून पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत ओरडली, "आता गं बया! माझ्या म्हशीला तर लई आवडायचं की रे तुझं हाटेल!"