रतनसिंग लॅपटॉप पारखतो

साखऱ्याजवळच्या तांड्यात कुणाला बैल घ्यायचा असला की आधी पैशाची जुळवाजुळव होते आणि मग रतनसिंग आडेला निरोप जातो. त्याला सोबत न नेता बैल आणणारा माणूस तांड्यात शहाणा धरला जात नाही. रतनसिंग बैलाचा जबडा उघडून दात बघतो, वशिंडावर थाप मारतो, शेपटीचा गोंडा हातात घेऊन सोडतो आणि मग चार पावलं मागे सरून, कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहतो. व्यापारी त्याच्या बोलण्याला भीत नाहीत, पण या उभं राहण्याला भितात. तेवढ्या वेळात आपल्याच बैलात काहीतरी खोड आहे असं त्यांनाही वाटायला लागतं.

त्याचा नियम तीन बाजारांचा. पहिल्या बाजारात बैल बघायचा, दुसऱ्या बाजारात दुसरा बघून पहिल्याशी ताडायचा आणि तिसऱ्या बाजारात घ्यायचा. तोवर पहिला बैल विकला गेलेला असला तर रतनसिंग म्हणायचा की गेला तो आपला नव्हताच.

आता खरं सांगायचं तर, उभ्या तांड्याचे बैल पारखणाऱ्या या माणसानं स्वतःसाठी म्हणून फारसं काही घेतलेलंच नव्हतं. दावणीची जोडी सासऱ्याकडून आलेली, मोटारसायकल भावानं वापरून सोडलेली. घरातला मिक्सर त्यानं इतके महिने पारखला की शेवटी त्याची बायको जिवनबाई एकटीच हिंगोलीला गेली आणि घेऊन आली. दुसऱ्याच्या दावणीसाठी पारख करण्यात एक मोठी सोय असते. बैल चालला तर नाव रतनसिंगचं, बसला तर नशीब मालकाचं.

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप घ्यायची वेळ आली.

धाकटी लेक रीता बी.कॉम. झाली होती. हिंगोलीत हिशेबाचं काम शिकवणारी एक संस्था निघाली होती, तिथं परीक्षा देऊन तिनं जागा मिळवली. शिकणं संपलं की तिथल्याच कार्यालयात नोकरी. अट एकच होती. लॅपटॉप स्वतःचा पाहिजे, आणि तो पोळ्यानंतरच्या सोमवारी, वर्गाच्या पहिल्या दिवशी सोबत पाहिजे. नसला तर जागा मागच्या नंबरवालीला जाणार, असं तिथल्या सरांनी तोंडावर सांगितलं होतं. रोज एसटीनं जायचं-यायचं म्हणून रीतानं घरी एवढंच सांगितलं की पातळ आणि हलका असू द्या, फार महागाचा नको. पैशाचा प्रश्न नव्हता. जिवनबाईच्या बचत गटातले होते आणि थोरल्या मिनाच्या शिलाईचे होते. मिना नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती आणि ओसरीत मशीन चालवायची. तिच्या येण्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

पोळ्याला भरपूर अवकाश होता. रतनसिंग धुतलेला सदरा घालून, रीताला घेऊन हिंगोलीला अदनानच्या दुकानात गेला. अदनान तरणा, बोलका, गिऱ्हाईक दारात दिसलं की पंखा वाढवणारा. त्यानं एक लॅपटॉप रतनसिंगच्या तळहातावर ठेवला आणि कौतुकानं म्हणाला की बघा काका, किती स्लिम आहे, एका हातात मावतो.

रतनसिंगचा चेहरा उतरला. उभ्या आयुष्यात त्यानं बारीकपणाचं कौतुक करणारा व्यापारी पाहिला नव्हता. त्याच्या लेखी बारीक म्हणजे एक तर आजारी, नाहीतर मालकानं पोटाला न घातलेला. त्यानं लॅपटॉपवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कानाजवळ नेला, वास घेतला. मग जबडा उघडावा तसं अंगठा घालून झाकण वर केलं आणि कळांची रांग डावीकडून उजवीकडे बारकाईनं पाहिली. अदनानचा जीव त्या अंगठ्यात अडकला होता. शेवटी रतनसिंगनं लॅपटॉप टेबलावर ठेवायला लावला, चार पावलं मागे सरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. लॅपटॉप टेबलावर उजळून पडला होता. तो चालत नव्हता, लंगडत नव्हता, शेपटी हलवत नव्हता. तरीही रतनसिंग बराच वेळ बघत राहिला.

मग अदनाननं प्रोसेसर, रॅम, एसएसडी असं सगळं सांगितलं. रतनसिंगनं ते आपल्या भाषेत बसवून घेतलं. प्रोसेसर म्हणजे खांदा, रॅम म्हणजे दम, बॅटरी म्हणजे पोट. बॅटरी बारा तास चालते असं अदनान म्हणाला तेव्हा रतनसिंगनं विचारलं, “म्हंजी सहा धरू?” अदनान हसला आणि सहा धरा म्हणाला. तेवढ्या एका गोष्टीनं घात झाला. आपल्याला लॅपटॉपही कळतो अशी रतनसिंगची खात्री पटली.

रीता त्याच्या मागे उभी होती. तिनं एकदा कळांवर बोटं टेकवायला हात पुढे केला, तेव्हा बापानं तिला थांबवलं. आधी नीट पाहू दे, म्हणाला.

दुसरा बाजार वाशीमचा झाला, तिसरा नांदेडचा. वाशीमला पडदा बरा पण बिजागरी ढिली. नांदेडला बिजागरी घट्ट पण रॅम कमी, आणि ती पुढं वाढवता येत नाही म्हणे, चिकटवूनच आलेली. रतनसिंगला ते फार खटकलं. जे वाढत नाही ते घ्यायचं कशाला? तिथून तो परत हिंगोलीला आला, तर अदनानकडे नवा माल आलेला. म्हणजे पुन्हा पहिला बाजार.

एवढ्यात त्याला मोबाइलवरचे व्हिडिओ सापडले. कोणी एक दाढीवाला पोरगा हिंदीतून दोन लॅपटॉप शेजारी ठेवून बोलायचा, याचं हे चांगलं, त्याचं ते वाईट, आणि शेवटी म्हणायचा की घाई करू नका, पुढच्या महिन्यात नवा येतोय. रतनसिंगला आपला माणूस भेटल्यासारखं झालं. तो दुपारचा कडुनिंबाखाली बसून एकामागून एक व्हिडिओ बघायला लागला. एक पोरगा ज्याला उत्तम म्हणायचा त्यात दुसरा हमखास खोड काढायचा. या जगात विकत न घेता नुसतं पारखून पोट भरणारी इतकी माणसं आहेत हे बघून त्याला धन्य वाटलं.

मग व्हायचं तेच झालं. रतनसिंगचं नाव बैलांवरून लॅपटॉपवर गेलं. जिल्हा परिषद शाळेतले धम्मदीप गुरुजी येऊन बसले, रतनसिंगनं त्यांना खांदा, दम आणि पोट समजावून सांगितलं, आणि गुरुजी त्याच आठवड्यात जाऊन लॅपटॉप घेऊन आले. चांगला निघाला. गुरुजींनी येऊन हातात हात घेतला. नरसीच्या एका दुकानदाराचाही फोन आला. रतनसिंग फोनवर बोलताना आता उठून अंगणात फेऱ्या मारायला लागला होता.

जिवनबाई चुलीपुढून म्हणाली, “गुरुजीच्या घरी लॅपटॉप आला. आमच्या घरी त्याचं नुसतं पुराण चालू हाय.”

रतनसिंगनं व्हिडिओचा आवाज थोडा वाढवला. रीतानं मात्र बोलणंच सोडलं. ती शाळा सुटली की गुरुजींकडे जायची आणि बापाच्या पारखीनं घेतलेल्या त्यांच्या लॅपटॉपवर घटकाभर टायपिंग करून यायची. गुरुजी भले माणूस, पण लॅपटॉप त्यांचा होता, आणि त्यांची लेकरंही रांगेत उभी असायची.

पोळा आला. सकाळीच बैल नाल्यावर नेऊन धुतले, शिंगं रंगवली, झुली टाकल्या. रतनसिंग खुशीत होता. बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ बांधता बांधता तो रीताला म्हणाला की दसऱ्याला मोठा सेल लागतो, त्यात घेऊ, तवर दम धर. सरांना मी सांगतो.

रीतानं हातातलं पुरणपोळीचं ताट खाली ठेवलं आणि घरात निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं लोटलं. ते जास्त वाईट होतं.

मिना तिथंच होती. बैलांना ओवाळायला निघाली होती, ती हळदकुंकू घेऊन थांबली.

“बा, माझ्यासाठी तुमी तीन वर्सं पोरं पाह्यले,” ती म्हणाली. “शेत पाह्यलं, हीर पाह्यली, पोराची उंची पाह्यली, गोठ्यात किती जनावरं ते पाह्यलं. समदं बराबर ताडून पाह्यलं. मला काय पाह्यजे ते एकडाव इचारलं न्हाई. आता रीतालाबी न्हाई इचारून राहिले.”

तिचा आवाज चढला नव्हता. रतनसिंगचे हात घुंगरमाळेवरच राहिले.

कनेरगाव नाक्याच्या पलीकडचं मिनाचं ते स्थळ त्यानंच निवडलेलं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांबलेली पारख ती. पोरगा उंचापुरा, शेत ओलिताचं, घर सिमेंटचं. सगळ्या परीक्षांत पास झालेला तो जावई बायकोवर हात उचलतो, हे लग्नानंतर दोन महिन्यांत कळलं. तांड्यात कुणी रतनसिंगला बोल लावला नाही. फक्त लेकीसाठी स्थळ बघायला त्याला कुणी पुन्हा बोलावलं नाही, बैलांसाठी बोलावत राहिले. तेव्हापासून स्वतःच्या घरासाठी त्याच्या तोंडून कशालाच ‘हे घ्या’ निघालं नव्हतं. तो त्याला सावधपणा म्हणायचा. ती भीती होती, आणि हे त्याला आज, सजवलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा असताना पहिल्यांदा कळलं. त्याला फार लाज वाटली. लेक दोन वर्षं ओसरीत मशीन चालवत होती. सासरचे लोक दोनदा निरोप देऊन गेले होते की नांदायला धाडता का मोडायचं ते एकदा सांगा. दोन्ही वेळा तो ‘बघू’ म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी तो रीताला घेऊन अदनानच्या दुकानात गेला. अदनाननं सवयीनं महागातला एक समोर ठेवला, तर रतनसिंग म्हणाला, “तिला दाखवा.” आणि तो बाजूच्या स्टुलावर जाऊन बसला. हात कुठं ठेवावेत हे त्याला समजेना, म्हणून त्यानं ते मांड्यांखाली घातले.

रीतानं चार-पाच लॅपटॉप उघडले. प्रत्येकावर ती बसून टायपिंग करायची, आधी इंग्रजी आणि मग मराठी. एकाच्या कळा तिला कडक वाटल्या, एकाचा पडदा चमकून डोळ्यांवर यायचा. मग तिनं सोबत आणलेली सॅक काढली, त्यात एक राखाडी लॅपटॉप आणि जेवणाचा डबा घातला, सॅक पाठीवर टाकली आणि दुकानाच्या मधोमध एक हात वर धरून उभी राहिली. अदनानला काही कळेना. सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही हे तांड्यातून येणाऱ्यालाच ठाऊक. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, अंग थोडं हलवून पाहिलं, सॅक दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“हाच,” ती म्हणाली.

रतनसिंगनं त्या राखाडी लॅपटॉपकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि त्याला बिजागरीत खोड दिसली. झाकण उघडताना डावीकडं किंचित कुरकुरत होतं. तोंडाशी आलेला शब्द त्यानं मोठ्या कष्टानं गिळला. अदनान बिल करत होता तोवर तो रस्त्यावरच्या ऑटोकडे बघत बसला. संपूर्ण खरेदी एका चहाच्या वेळात झाली. रतनसिंगला हे जवळजवळ अशुभ वाटलं.

संध्याकाळी तांडा गोळा झाला. तांड्याचे प्रमुख, नाईक, स्वतः आले. त्यांनी लॅपटॉप हातात घेऊन वजन पाहिलं, मान डोलावली आणि रतनसिंगला विचारलं की याच्यात काय खास पाहिलंस. सगळे कान टवकारून उभे होते. खांदा, दम आणि पोट ऐकायला मिळणार म्हणून दोघं-तिघं पुढंही सरकले.

“मी न्हाई पाह्यला. तिनं पाह्यला,” रतनसिंग म्हणाला. “मी निस्ता संगं होतो.”

लोकांची थोडी निराशा झाली. ते रीताकडे वळले, आणि रीता बोलायला लागली. बोलता बोलता तिनं बापाची टिंगलही केली, आणि रतनसिंग इतरांबरोबर हसला.

तो ओसरीत आला तेव्हा मिना शेजारणीच्या पोलक्याला हातशिलाई करत होती. तो तिच्यासमोर खाली बसला. असा तो कधी बसत नसे, म्हणून तिनं सुई थांबवली.

“मिना, तुला काय पाह्यजे?” त्यानं विचारलं.

ती लगेच बोलली. जणू दोन वर्षांपासून उत्तर ओठांवरच होतं.

“मला फारकत पाह्यजे, बा.”

रतनसिंगच्या जिभेवर तो नेहमीचा शब्द आला होता. त्यानं तो बाहेर येऊ दिला नाही. “बरं,” तो म्हणाला. “उद्याच जाऊ वकिलाकडं.”

“कोनत्या?”

हिंगोलीतले दोन आणि वाशीमचा एक अशी नावं त्याच्या डोक्यात रांगेनं उभी राहिली होती. त्यानं ती तशीच राहू दिली.

“तू म्हनशील त्या.”