हे मी हिंदीत सांगणार नाही

मराठी मंडळींची विद्याविचार सभा भोपाळच्या वीजयंत्रांच्या कारखान्याहूनही जुनी. कारखान्याची वसाहत वसली तशी ती जुन्या शहरातून तिथल्या सभागृहात आली. शेजारपाजार सगळा हिंदी बोलणारा, म्हणून सभेनं दर महिन्याच्या रविवारच्या व्याख्यानाला एक रीत घातली. पाहुण्यानं मराठीत बोलायचं आणि दर चार वाक्यांनी बाजूच्या माणसानं तेच हिंदीत सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही.

तेवीस वर्षं हे काम सुमित्रा सोनटक्के करत होत्या. माहेर नागपूरचं, शिक्षण मॅट्रिक, आणि सारी नोकरी कारखान्यातल्या वाइंडिंग शॉपमध्ये तांब्याच्या तारेचे वेढे घालून यंत्रांच्या कॉइली बांधण्यात गेलेली. सभेत पदवीशिवाय व्याख्यान देता येत नसे. त्यामुळे वेदान्तापासून खगोलापर्यंत सगळं बाईंच्या तोंडून जायचं, हार मात्र पाहुण्याच्या गळ्यात पडायचा. तरी ती बाजूची जागा बाईंना जिवापाड प्रिय होती. यजमान गेल्यापासून महिनाभर त्या त्याच एका रविवारची वाट बघत.

त्या रविवारी विषय होता 'कारखाना आणि आपण'. वाइंडिंगमधल्या पाच-सहा हिंदी सोबतिणी मुद्दाम येऊन पुढं बसल्या होत्या.

बाहेरगावचे प्राध्यापक रंगात आले. "वाइंडिंग म्हणजे हलकं, बसून करायचं काम. म्हणून तर ते बायकांना दिलं. विणकामच म्हणा ना!"

मराठी मंडळी हसली. सोबतिणी हिंदीची वाट बघत बाईंकडे पाहू लागल्या.

"बाई, हिंदी," चिटणीस अच्युतराव कुजबुजले.

"हे मी सांगणार नाही."

"तुमचं काम सांगायचं आहे. पटलंच पाहिजे असं नाही."

"तेवीस वर्षं न पटलेलंही सांगितलंच की. पण हे खोटं आहे."

"मग पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणी बघावं लागेल."

ही जागा गेली की तो रविवारही गेला, हे बाईंना कळत होतं. पण डोकं आता ऐकायला तयार नव्हतं. त्यांनी सरळ माईक हातात घेतला.

"साहब कह रहे हैं, हमारा काम हल्का था. अब मैं कहती हूँ."

मग त्यांनी सगळं काढलं. दोघीतिघींनी कॉइल उचलून कामातून गेलेल्या कमरा, कॉइलीवर गुंडाळायच्या काचतंतूंच्या पट्टीनं चिरलेली बोटं, वॉर्निशच्या वासानं घशाखाली न उतरणारा डबा. एक वेढा चुकला की अख्खं यंत्र जळायचं, आणि ठपका कॉइल बांधणारीवर यायचा. एवढं हिंदीत झाल्यावर प्राध्यापकांकडे तोंड करून त्यांनी तेच मराठीत सांगितलं, एक शब्द न गाळता. प्राध्यापक खुर्चीत जाऊन बसले.

"बाई, पुरे. पदवी नसताना व्यासपीठावर बोलता येत नाही," अच्युतराव म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून तुम्ही येऊ नका."

"पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात," बाई म्हणाल्या. "आज माझं बोलून झालेलं नाही."