कुवेतपर्यंतचा केर

मुंबई आणि कुवेत या दोन शहरांमधलं हवाई अंतर शिरूरमध्ये बसून मोजणारा पहिला माणूस मी. त्याआधी शिरूरमध्ये ते कुणाला लागलं नव्हतं, एवढंच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या मावशींचा मुलगा पाटसला साखर कारखान्यात वेल्डर होता. त्याला कुवेतला नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात सत्कार झाला. पुढारी बोलले, मग भूगोलाचा मास्तर म्हणून मी बोललो; लोक शेंगा खात ऐकत होते. सकाळी तो एसटीनं दौंडला आणि तिथून रेल्वेनं मुंबईला गेला. अंगणात टरफलं उरली.

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा मावशींचा नेम. एरवी माणूस पुण्याला जाई आणि दुपारी केर निघे.

"आत्याबाई, कोंबड्या टरफलं घरात आणत्यात," सून म्हणाली.

"त्यो भुईला टेकल्याबिगर केरसुणीला हात लावून तर बघ!" मावशी माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते. "मास्तर, कवा टेकंल वो त्यो?"

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी शाळेचा नकाशा आणला, त्यावर दोरा ताणला, प्रमाणानं गुणलं, वर्तमानपत्रात वाचलेल्या विमानाच्या वेगानं भागलं.

"उद्या सकाळी आठचं विमान. चार तास लागतील. पण तिथली घड्याळं अडीच तास मागं, म्हणजे तिथं साडेनऊच वाजलेले असतील."

"म्हंजी दीड तासातच पोचतंय की," सून म्हणाली. "मग साडेनवालाच झाडते."

"अहो, ते तिथले साडेनऊ."

"मग केर काय तिथला काढायचाय?"

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ बघत अंगणात उभा राहिलो आणि बरोबर बाराला हात वर केला. "टेकला." सुनेनं धुरळा उडवला. मावशींनी आभाळाला हात जोडले, त्यातले थोडे माझ्याकडेही वळवले. मी ते स्वीकारले.

संध्याकाळच्या दौंडच्या एसटीतून मुलगा ट्रंकेसकट उतरला. विमान पुढं ढकललं होतं. मुंबईत राहायची सोय नाही, म्हणून रात्रीची गाडी पकडून तो दौंडला मामाकडे आला होता. मी त्याला कुवेतला उतरवला, तेव्हा तो रेल्वे कॉलनीत मटण खात होता.

मावशींनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, झाडलेलं अंगण बघितलं, मग मला बघितलं.

"अर्ध्या वाटंवर असताना केर काढला, मास्तर. माघारी येनार न्हाई तर काय!"

मी नकाशा शाळेत परत नेऊन टांगला.

दोन दिवसांनी तो पुन्हा निघाला. या वेळी मला कुणी काही विचारलं नाही. मीच कुंपणापाशी जाऊन चार तासांची आठवण करून दिली.

"तार येऊ द्या," मावशी म्हणाल्या आणि केरसुणी मांडीशी घेऊन बसल्या. रोज पोस्टमन गल्लीत वळला की त्या उठून उभ्या राहत आणि तो पुढं गेला की पुन्हा बसत. सून माझ्याशी बोलायची बंद झाली. कोंबड्या खूश होत्या.

मुंबईहून कुवेतला विमानाला चार तास लागतात. केर नवव्या दिवशी निघाला.