अल्बममधल्या पाटल्या

लग्नाचा अल्बम भिंग लावून पाहणारी बाई मी काल पहिल्यांदा पाहिली. ती माझी मावसबहीण, मंजूताई. तिचं घटस्फोटाचं प्रकरण कोर्टात आहे, दागिने सासरच्या कपाटात आहेत आणि वकीलबाई म्हणतात, आईने तुला घातलेल्या पाटल्या तुझ्याच, याचा पुरावा आण. पावत्याही त्याच कपाटात.

म्हणून आम्ही दोघी फोटो धुंडाळत बसलो. अंतरपाट, सप्तपदी, सूनमुख. काकांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, जावयाला दिलेलं घड्याळ प्रत्येक फोटोत चकाकतंय. ताईचे हात मात्र शेल्याखाली.

"सासूबाई सारख्या टोकत होत्या," ताई म्हणाली. "हात आत घे गं, नवरी आहेस!"

स्त्रीधन बाईचंच, हे मी किती पत्रकांत छापलं, चौकाचौकांत वाटलं. पण दागिना अंगावर वागवायचा बाईने, मिरवायचा घराण्याने, आणि तो कुणाचा हे सिद्ध करायची वेळ आली की पुन्हा बाईनेच पळायचं. चीड येते. आताशा चिडायचाही कंटाळा येतो.

शेवटच्या पानावर पाठवणी होती. ताई ढसाढसा रडतेय, शेला घसरलाय, दोन्ही हात तोंडावर. आणि मनगटांवर पाटल्या, अगदी नक्षीसकट स्वच्छ.

"हा फोटो आई काढून टाक म्हणत होती," ताई म्हणाली. "काय अवतार दिसतोय तुझा, म्हणे."

मी फोटो अलगद सोडवून घेतला. ताई त्याच्याकडे बघत राहिली.

"अख्ख्या लग्नात रडले," ती म्हणाली, "तेवढंच कामी आलं बघ."